पूर्वेकडची काच

"मुकादमानं काच फोडलेली नाही. एवढं सिद्ध करून द्या. बाकी मला काही नको."

बाई अजून दारातच होत्या. वहिनींनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. "आधी बसा. मग कुठली काच ते सांगा."

भाऊजी खिडकीशी पेन्सिलीला टोक करत बसले होते. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून ते रोज वहिनींच्या तपास कचेरीत येत. गाडी चालवायची, चहा सांगायचा आणि वहिनी म्हणतील त्या जागेचं चित्र काढायचं, एवढंच त्यांचं काम. वहिनींनी उमेदीची सगळी वर्षं विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात घालवली होती. जळलेलं गोदाम पाहून ते कुठल्या कोपऱ्यातून पेटलं हे त्या सांगत, आणि बहुतेक वेळा कुणी पेटवलं हेही.

बाई बसल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, हाताला माती लागून लागून नखं काळवंडलेली. नवऱ्याचं गुलाबाचं मोठं काचघर होतं. त्यामुळे सगळा गाव त्यांच्या नवऱ्याला गुलाबशेठ म्हणे.

गेल्या पंधरवड्यात गारपीट झाली. काचघराचं नुकसान झालं. सरकारनं मदत जाहीर केली, गुलाबशेठनी अर्ज केला. पाहणी अधिकारी आल्या आणि त्यांनी सांगितलं की पूर्वेकडची भिंत गारांनी फुटलेली नाही, कुणीतरी आतून फोडली आहे. मदत मिळवण्यासाठी नुकसान वाढवून दाखवलं, असा ठपका आला.

"मग ह्यांनी मुकादमाचं नाव घेतलं," बाई म्हणाल्या. "वादळाच्या रात्री तो एकटा राखणीला होता. ह्यांच्याशी आधी वाद झाला होता, म्हणून त्यानं डूख धरला, असं ह्यांनी फौजदारांना सांगितलं. त्याला आत टाकलंय. त्याची बायको रोज माझ्या दारात येऊन बसते. बोलत काही नाही. नुसती बसते."

"तुमच्या यजमानांवरही आळ आहेच ना?"

"आहे. पण ते वकील लावतील. मुकादमाला कोण आहे?"

वहिनींनी मान डोलावली. बाई गेल्यावर भाऊजी म्हणाले, "बाई मनानं मोठी आहे. नोकरासाठी एवढं कोण करतं?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "गाडी काढा."

काचघर गावाबाहेर उतारावर होतं. पश्चिमेकडची भिंत पार चाळण झाली होती. गारा वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून तिरप्या आल्या होत्या हे भाऊजींनाही कळलं, कारण त्या बाजूच्या झाडाची सालसुद्धा सोलून निघाली होती. तिथल्या काचा आत, वाफ्यांमध्ये पडल्या होत्या. फुटक्या भिंतीवर नवं प्लास्टिक ताणून बसवलेलं होतं.

पूर्वेकडे सगळं उलट. तिथली काच बाहेर, गवतात पडली होती. भाऊजींच्या बुटाखाली ती करकर वाजली. आत वरच्या झडपा उघडायची लोखंडी टोकाची लांब काठी उभी होती. वहिनींनी तिचं टोक बोटानं चाचपलं. बारीक काचेची पूड बोटाला लागली.

"भाऊजी, चित्र काढा. आणि नुसत्या काचा नका काढू, झाडंही काढा."

भाऊजींनी वही उघडली. पश्चिमेकडच्या रांगेतल्या कळ्या काळ्या पडून माना टाकून होत्या. वादळामागून पहाटे कडाक्याची थंडी आली होती, ती त्यांना लागली. नंतर हवा उबदार झाली ती आजपर्यंत तशीच होती. पूर्वेकडे मात्र गुलाब टवटवीत फुलले होते. काच नव्हती तरीही.

"नशीब एकेकाचं," भाऊजी पुटपुटले.

पूर्वेच्या भिंतीच्या अगदी टोकाचा कोपरा तेवढा शाबूत होता. तिथं जुन्या लाकडी पेट्यांमध्ये कोवळी कलमं लावलेली होती. पेट्यांच्या आतल्या काठाला खाच होती आणि त्या खाचेत वाळलेला गाळ घट्ट बसला होता. वहिनी बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"ही कलमं कुणाची?"

"आमच्या हिची," मागून आवाज आला. गुलाबशेठ उभे होते. उंचेपुरे, पांढरे स्वच्छ कपडे, बोलण्यात घाई. "दिवसभर तिथंच बसलेली असते. बोला, माझ्या बायकोनं तुम्हाला बोलावलं म्हणे. नसत्या उठाठेवी आहेत तिच्या."

"पूर्वेकडची भिंत फुटलेली तुम्ही कधी पाहिलीत?"

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी उठल्या उठल्या. दोन्ही भिंती फुटलेल्या. मला वाटलं गारांनीच झालं असणार. तसं अर्जात लिहिलं. आता आतून कुणी फोडली हे मला कसं कळणार? मी काय काचेची भाषा शिकलोय? तो हरामखोर रात्रभर आत होता. त्यानंच केलं."

"चाव्या कुणाकडे असतात?"

"एक त्याच्याकडे, एक माझी. माझी स्वयंपाकघरात खुंटीला असते. कुलूप शाबूत आहे. म्हणजे बाहेरचा कुणी नाही. झालं तुमचं?"

"झालं," वहिनी म्हणाल्या.

मुकादम कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. दोन वर्षांपूर्वी तो या गावात कामाला आला होता. वहिनींना पाहून उठला आणि हात जोडले.

"त्या रात्री मी कुंड्या उचलून मधल्या बाजूला आणत होतो. पश्चिमेच्या काचा अंगावर येत होत्या, बाई. दिवे गेलेले. पूर्वेकडे बघायलाही फुरसत नव्हती. सकाळी मालक म्हणाले, चल प्लास्टिक आणायला. मी पश्चिमेच्या दारातून कुलूप लावून निघालो, ट्रक समोरच उभा होता. परत आल्यावर माझ्या घराचे पत्रे उडालेले, म्हणून तडक घरी गेलो. काचघरात पाय ठेवला तो पाहणीच्या मॅडम आल्या त्या दिवशी."

"मालकाशी वाद कशावरून झाला होता?"

मुकादम जरा घुटमळला. "गेल्या वर्षी काचघर वाढवायचं म्हणून आम्ही उतारावर पाया खणला. गाळाचा जाड थर होता, जुन्या पुराचा. त्याखाली लाकडी पेट्या निघाल्या. आत चौकटी तशाच, ओळीनं लावलेल्या. मालक म्हणाले, जाळून टाक. लाकूड चांगलं होतं, मी म्हटलं कशाला जाळायचं. त्यावरून ते माझ्यावर भयंकर चिडले. तेवढ्यात मालकीणबाई आल्या. त्यांनी पेट्या पाहिल्या आणि तिथंच मातीत बसल्या. म्हणाल्या, या मला दे, मी कलमं लावीन. मालक काही बोलले नाहीत. मला काय ठाऊक कुणाच्या पेट्या."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, माणूस सरळ वाटतो. पण रात्री एकटा होता हे खरंच आहे. त्याला कसं सोडवणार?"

"रात्र कशाला धरून बसलाय तुम्ही?" वहिनी म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. भाऊजींना त्यांची ही सवय मुळीच आवडत नसे.

शेजारचा गोठेवाला गप्पिष्ट निघाला. हातातली बादली खाली ठेवून तो गोठ्याच्या कट्ट्यावर ऐसपैस बसला.

"ट्रक माझाच. आम्ही तिघं गेलो, मी, शेठ आणि मुकादम. परतताना पुलावर पाणी. रात्र ट्रकमध्येच काढली. मुकादम बिचारा उकिडवा बसून होता आणि शेठ असे घोरत होते की मला वाटलं इंजिन चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो."

"प्लास्टिक भरपूर आणलंत का?"

"छे. एका भिंतीपुरतं. मी म्हटलं, गाडी आलीच आहे तर जास्तीचं घ्या. तर म्हणाले, कशाला, एक बाजू तर वाचली आहे. शेठ पैशाला जपून."

भाऊजी वहीत गायीचं चित्र काढत होते. वहिनींनी विचारलं, "त्या उतारावर आधी काय होतं?"

गोठेवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं उगाचच बादली इकडची तिकडे केली.

"शेठच्या मेव्हण्याची जमीन होती ती. मालकीणबाईंचा सख्खा भाऊ. मधमाश्या पाळायचा. आम्ही त्याला मधवाला म्हणायचो. मोठा पूर आला तेव्हा त्याच्या पेट्या गेल्या. त्यानं सरकारी मदत मागितली. शेजाऱ्याची साक्ष लागते, तर शेठनी साक्ष दिली की पुराआधीच मेव्हण्यानं पेट्या दुसरीकडे हलवल्या, दावा खोटा आहे. सख्ख्या मेव्हण्याविरुद्ध बोलतोय म्हणजे खरंच बोलत असणार, असं सगळ्यांना वाटलं. मदत कार्यालयाच्या भिंतीवर खोट्या दावेदारांचा फळा असतो, त्यावर त्याचं नाव लागलं. मग कोण घेणार त्याचा मध? मीसुद्धा घेणं सोडलं. पोरं त्याला लबाड म्हणून हाका मारायची. शेवटी उताराची जमीन शेठलाच विकून तो गेला. कुठल्याशा शहरात राखणदार होता. तिथंच वारला."

"आणि बहीण?"

"तिनं नवऱ्यावर विश्वास ठेवला. गाव सोडायच्या आदल्या दिवशी तो तिच्या दाराशी आला होता. तिनं दार उघडलं नाही. मी इथूनच पाहत होतो. बराच वेळ उभा राहिला, मग गेला."

मदत कार्यालयात पाहणी अधिकारी बाईंसमोर माणसांची रांग होती. वहिनींनी एकच गोष्ट विचारली.

"पूर्वेकडच्या बाजूला तुम्ही गेलात कशा? रस्ता तर पश्चिमेकडून आहे."

"खरं सांगू, मी गेले नसते," अधिकारी म्हणाल्या. "इतकी शेतं बघायची होती. पश्चिमेची भिंत पाहिली, आतूनच पूर्वेकडे नजर टाकली आणि सही करणार होते. पण मालकीणबाई म्हणाल्या, मागच्या पडवीत चहा ठेवलाय, या बाजूनं चला. चालताना पायाखाली काच वाजली. तेव्हा वाकून पाहिलं."

वहिनी उठल्या. "उद्या सकाळी काचघरात याल का? फौजदारांनाही घेऊन या. मुकादमाला आणायला सांगा."

गाडीत भाऊजी म्हणाले, "मला वाटतं गोठेवाल्यानं केलं. फार बोलतो."

"फार बोलणारा माणूस भाऊजी, काच फोडत नाही. फोडली असती तर आतापर्यंत गावभर सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. ऊन चांगलं पडलं होतं. मुकादम फौजदाराच्या शेजारी, गोठेवाला दारात, गुलाबशेठ हाताची घडी घालून. मालकीणबाई आपल्या कलमांजवळ एका स्टुलावर बसल्या होत्या. भाऊजी वही घेऊन भिंतीशी उभे राहिले.

"आधी कधी, ते पाहू," वहिनींनी सुरुवात केली. "सगळे धरून चालले की पूर्वेकडची भिंत वादळाच्या रात्री फुटली, कारण शेठ तसं म्हणाले. पण वादळामागून त्याच पहाटे कडक थंडी पडली. पश्चिमेला काच नव्हती, तिथल्या कळ्या करपल्या. पूर्वेला एकही कळी करपली नाही. का? कारण त्या पहाटे पूर्वेची काच जागच्या जागी होती. ती नंतर फुटली, हवा उबदार झाल्यावर."

फौजदार वळून गुलाबांकडे बघू लागला. भाऊजींनी आपली वही उघडली. सगळं त्यांनी स्वतःच काढलं होतं, आणि तरीही पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

"मुकादम सकाळी पश्चिमेच्या दारानं निघाला तो ट्रकमध्ये. रात्र ट्रकमध्ये. परतल्यावर सरळ स्वतःच्या घरी, पत्रे उडाले होते म्हणून. साहेब, पत्रे बसवताना त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिलं असेलच, विचारून घ्या."

"विचारलंय. दोन दिवस तो छपरावरच होता," फौजदार ओशाळून म्हणाला. "पण आम्ही वादळाच्या रात्रीचाच विचार करत होतो."

मुकादमानं डोळे मिटून घेतले.

"मग मीही ट्रकमध्येच होतो," गुलाबशेठ घाईघाईनं म्हणाले. "याला विचारा. म्हणजे मीही सुटलो."

"काच फोडण्यातून सुटलात. परतल्या दुपारीच तुम्ही दोन्ही भिंतींचा अर्ज दिलात, म्हणजे ती तोवर फुटलेलीच होती. ट्रक गेल्यापासून परत येईपर्यंत इथं काचघराची चावी एकच होती, तुमच्या स्वयंपाकघरात. कुलूप तुटलेलं नाही. फोडणाऱ्यानं झडपांची काठी घेतली आणि सगळी भिंत फोडली, एक कोपरा सोडून. रागानं फोडणारा कोपरा का सोडतो? लोभानं फोडणाराही सोडत नाही. त्या काचेमागची कलमं ज्याला जिवापाड जपायची होती, त्यानंच सोडला."

सगळ्यांच्या माना स्टुलाकडे वळल्या.

मालकीणबाई शांत होत्या. "मीच फोडली," त्या म्हणाल्या. "मुकादमाला धरतील हे माझ्या मनात आलं नव्हतं. तेवढीच माझी चूक. आणि आधीच कबूल केलं असतं, तर सगळं माझ्यावर ढकलून हे मोकळे झाले असते."

गुलाबशेठ दोन पावलं पुढे आले. "तू? स्वतःच्या घराचं नुकसान? डोकं फिरलंय का तुझं? ऐकलंत ना मॅडम, घरातलीच बाई, वेडाच्या भरात काहीतरी केलं. मी निर्दोष आहे. माझा दावा मोकळा करा."

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "काच कुणी फोडली हा एक प्रश्न झाला. खोटं कोण बोललं हा दुसरा. शेठ, तुम्ही मला सांगितलंत की वादळानंतरच्या सकाळीच दोन्ही भिंती फुटलेल्या पाहिल्या. मग प्लास्टिक एकाच भिंतीपुरतं का आणलंत?"

गुलाबशेठनी हाताची घडी सोडली.

"एक बाजू वाचली आहे, असं तुम्ही म्हणालात," दारातून गोठेवाला हळूच बोलला. "माझ्यासमोर."

"वाचलीच होती," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही परत आलात तेव्हा ती फुटलेली दिसली. मधल्या वेळात गार पडली नव्हती, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. सरळ माणसानं फौजदारांना बोलावलं असतं, निदान घरात विचारलं असतं. तुम्ही आयतं नुकसान बघून अर्ज भरलात आणि खाली सही केलीत की दोन्ही भिंती गारांनी फुटल्या. पकडले गेलात तेव्हा मुकादमाला पुढे केलंत. बाईंनी फक्त काच फोडली. खोटं तुमच्या तोंडी कुणी घातलेलं नाही."

पाहणी अधिकारी खाली बघत म्हणाल्या, "म्हणजे दावा खोटाच ठरतो. काच कुणीही फोडली असो."

"मला माहीत होतं ते करतील," मालकीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "इतकी वर्षं यांच्याबरोबर राहिले. फुकटचं दिसलं की हे हात मागे घेत नाहीत. घेतला असता, तर मीच हरले असते. काचा भरून दिल्या असत्या माझे दागिने विकून. मी यांना एक संधी दिली होती, मॅडम. माझ्या भावाला यांनी तीही दिली नाही."

"त्या पेट्या तुमच्या भावाच्या," वहिनी म्हणाल्या.

"त्याच्याच. तो खाचा स्वतः पाडायचा, मी लहानपणी शेजारी बसायचे. पुराआधी हलवल्या म्हणाले ना हे? मग पुराच्या गाळाखाली, चौकटींसकट, ओळीनं कशा निघाल्या? हलवणारा माणूस मधाची पोळी गाळात पुरून जातो?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तो दाराशी आला तेव्हा मला हाक मारत होता. मी आत उभी होते. कडीवर हात होता माझा. तुमच्या शब्दाखातर मी कडी काढली नाही."

"जुनं उकरून काय मिळणार आहे?" गुलाबशेठ म्हणाले. "माणूस तर गेला."

"जमीन मिळाली ना तुम्हाला."

अधिकारी मुकादमाकडे वळल्या. "पेट्या तू काढल्यास? तसं लिहून देशील?"

"देईन. जाळायला सांगितलं होतं, तेही लिहीन."

फौजदारानं मुकादमाला जाऊ दिलं. त्यानं जाताना मालकीणबाईंपुढे हात जोडले नाहीत, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाईंनी ते मुकाट्यानं सोसलं. कोठडीतले दिवस त्याच्या वाट्याला त्यांच्यामुळेच आले होते, आणि ते कुणालाही परत देता येणार नव्हते.

महिन्याभरात सगळं पार पडलं. गुलाबशेठची मदत रद्द झाली, पश्चिमेकडच्या खऱ्या नुकसानीचीसुद्धा. खोट्या साक्षीचा खटला वेगळा उभा राहिला. मधवाल्याचं नाव निर्दोष ठरलं आणि गावात तसं जाहीर वाचून दाखवण्यात आलं. ऐकायला अख्खा गाव होता, फक्त ज्यानं ऐकायला हवं होतं तो नव्हता. मुकादम दुसऱ्या गावी कामाला गेला.

बाईंनी फी द्यायला वहिनींना घरी बोलावलं. भाऊजींना वाटलं होतं, सामानाची बांधाबांध चाललेली दिसेल. पण बाई चुलीशी होत्या. घर लख्ख झाडलेलं, ताटं मांडलेली.

"तुम्ही जाणार नाही?" भाऊजींनी न राहवून विचारलं.

"कुठं जाऊ? घर माझंही आहे," बाई म्हणाल्या. "ह्यांचं जेवणखाण मी आजवर केलं, पुढेही करीन. दोन वेळा समोर बसवून वाढीन. ते जेवतील आणि मी बघेन."

निघताना गुलाबशेठ गाडीपर्यंत आले. कपडे चुरगळलेले, दाढी वाढलेली. त्यांनी घराकडे एकदा वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, तुमचं ती ऐकेल. तिला सांगा ना, काही दिवस माहेरी जाऊन ये म्हणून."

वहिनींनी गाडीचं दार लावून घेतलं.

"माहेर कुठं ठेवलंत तुम्ही तिला?" त्या म्हणाल्या.

घरातून हाक आली, जेवायला वाढल्याची. शांत, नेहमीच्या आवाजात. गुलाबशेठ जरा वेळ तिथंच उभे राहिले. मग मान खाली घालून आत गेले.